न बसलेल्या वर्गाची हजेरी

२०२२ सालच्या मे महिन्यातील गोष्ट. आमच्या मुलीची दहावीची परीक्षा आटोपली होती, निकाल यायचा होता. डॉक्टर व्हायचे हे तिने आठवीतच मनाशी ठरविले होते. आजीच्या शेवटच्या आजारात घरी येणाऱ्या डॉक्टरीणबाईंना पाहून ते तिच्या मनात रुजले असावे. 'नीट' परीक्षेच्या तयारीसाठी कोठे नाव घालावे याची चौकशी करीत आम्ही बापलेक अंधेरी स्थानकाजवळच्या एका शिकवणीवर्गाच्या कार्यालयात जाऊन बसलो. तेथील बाईंनी अदबीने सारे समजावून सांगितले. सकाळी आठ ते दुपारी तीन वर्ग, पुढे शंकानिरसन, रविवारी चाचणी. फी काही लाखांत. परंतु हप्ते पाडून मिळतील. मी विचारले, "मग हिने कॉलेजला जायचे केव्हा?" बाई हसल्या. म्हणाल्या, "कॉलेजला जावेच लागणार नाही, सर. एका ज्युनिअर कॉलेजशी आमचे ठरलेले आहे. प्रवेश तिथे होईल, हजेरी लागत राहील. प्रॅक्टिकलपुरते चार दिवस जायचे. बाकीची काळजी आमची."

मी आगाऊ रक्कम भरली, अर्जावर सही केली आणि पावती खिशात घातली. परतताना मरोळ नाक्याला मेट्रोतून उतरून आम्ही गावठणाच्या वाटेला लागलो, तेव्हा मुलीने विचारले, "पप्पा, मी तिथे नसणार, मग माझ्या नावाला हजर कोण म्हणणार?"

मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली. परंतु त्या रात्री मला झोप आली नाही. मी पेशाने लेखापाल. न आलेला माल आला असे दाखविणारी नोंद माझ्या टेबलावर आली, तर मी ती परत पाठवितो. त्यासाठी मला पगार मिळतो. आणि माझ्याच मुलीच्या नावाने दोन वर्षे रोज एक खोटी नोंद व्हावी, यासाठी आज मी पैसे मोजून आलो होतो.

ही व्यवस्था एकट्या अंधेरीची नाही. बोरिवली, घाटकोपर, मुलुंड येथेही पालकांना हेच सांगितले जाते. 'इंटिग्रेटेड' हे तिचे सभ्य नाव, 'डमी' हे बोलीतले. ती कोठून आली हे पाहिल्याशिवाय कोणाला दोष देणे न्यायाचे होणार नाही.

प्रवेश परीक्षा ही आपल्या शहराला नवी नाही. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले आणि १८५९ साली त्याची पहिली मॅट्रिक परीक्षा झाली. न्यायमूर्ती रानडे त्या पहिल्या तुकडीतले. ती मॅट्रिक म्हणजे विद्यापीठाच्या उंबरठ्यावरची प्रवेश परीक्षाच होती. पुढे आमच्या पिढीत बारावीचे गुण हाच वैद्यकीय आणि अभियांत्रिकी शिक्षणाचा दरवाजा झाला. १९९९ साली राज्याची सामायिक प्रवेश परीक्षा आली. 'नीट' प्रथम २०१३ साली घेतली गेली, न्यायालयात अडकली आणि २०१६ पासून वैद्यकीय प्रवेशासाठी देशभर कायम झाली. अभियांत्रिकीच्या 'जेईई मेन' परीक्षेत २०१३ ते २०१६ या काळात बारावीच्या गुणांना ४० टक्के वजन होते. २०१७ पासून तेही काढून घेण्यात आले. परिणाम असा झाला की बारावीचे गुण केवळ पात्रतेपुरते उरले. ज्या गुणांनी जागा मिळत नाही, त्यांसाठी वर्गात बसायचे कशाला, असा हिशेब पालकांनी केला. ७५ टक्के हजेरीचा नियम मात्र तसाच होता. नियम मोडायचा नाही आणि पाळायचाही नाही, या गरजेतून ही सोय जन्माला आली.

शासनाला हे ठाऊक नव्हते असे नाही. जून २०१८ मध्ये राज्य शासनाने मुंबईसह काही विभागांतील कनिष्ठ महाविद्यालयांत विज्ञान शाखेसाठी बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढला, तो याच कारणाने. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय माध्यमिक मंडळाने दिल्ली आणि राजस्थानातील २१ शाळांची संलग्नता काढून घेतली, तीही याच कारणासाठी. अंगठ्याचा ठसा घेणारे यंत्र आले. तरी 'काळजी आमची' हे वाक्य काही बंद झाले नाही.

येथे एक गोष्ट स्पष्ट करावयास हवी. प्रवेश परीक्षा वाईट, शिकवणीवर्ग वाईट, असे माझे म्हणणे नाही. परीक्षेत एक प्रकारचा न्याय आहे. उत्तरपत्रिका तपासणाऱ्या यंत्राला उमेदवाराचे आडनाव ठाऊक नसते, बापाची ओळखपाळख ठाऊक नसते. ज्यांच्यापाशी चिठ्ठी देणारा कोणी नाही अशा घरांना हा न्याय फार मोलाचा आहे. आणि परीक्षेसाठी मदत घेणे यातही काही पाप नाही. येशूसंघीय धर्मगुरू मत्तेओ रिच्ची १५७८ साली गोव्यात उतरले, १५८० साली कोचीन येथे त्यांना गुरुदीक्षा मिळाली आणि पुढे ते चीनमध्ये गेले. तेथे राजसेवेत प्रवेश मिळविण्यासाठी शतकानुशतके कठीण परीक्षा चालत आलेल्या होत्या. १५९६ साली नानचांग येथील सुभेदाराची मुले त्या परीक्षांच्या तयारीत असताना रिच्चींनी त्यांच्यासाठी चिनी भाषेत स्मरणकलेवर एक पुस्तक लिहिले. त्यावर थोरल्या मुलाने असा अभिप्राय दिला म्हणतात की, युक्त्या उत्तम आहेत, पण त्या वापरायला मुळातच स्मरणशक्ती फार चांगली हवी. तात्पर्य, परीक्षेची धास्ती, बापाची धडपड आणि शिकविणाऱ्याचा आटापिटा ही सारी जुनीच मंडळी आहेत. रिच्चींनी आपल्यापाशी होते ते दिले. त्या बदल्यात मुलांनी जेथे आपण नाही तेथे आहोत असे म्हणावे, अशी अट त्यात नव्हती.

म्हणजे प्रश्न फार मोठा नाही, पण नेमका आहे. चांगल्या हेतूसाठी, कायद्याच्या कागदावर, रोज एक लहानसे असत्य लिहू द्यावे काय?

पुढचे तीन दिवस मी घरी, कचेरीत आणि रविवारी मिस्सेनंतर चर्चच्या आवारात अनेकांशी बोललो. सर्वांची मुले याच वाटेवर होती. त्यांचे म्हणणे तीन तऱ्हेचे होते.

पहिले म्हणणे असे की, यात कोणाचेच नुकसान नाही. कॉलेजला फी मिळते, वर्गाला फी मिळते, मुलाचा वेळ वाचतो. संत ऑगस्टीन यांनी इ.स. ३९५ च्या सुमारास असत्य भाषणावर एक ग्रंथ लिहिला आणि असत्याचे आठ प्रकार मांडले. कोणाचेही नुकसान न करता कोणाचा तरी लाभ करून देणारे असत्य त्यांनी वेगळे काढले, सौम्य मानले. परंतु निर्दोष मात्र ठरविले नाही. मला त्यांच्याइतके कठोर होता येत नाही. तरीही आपले हे असत्य खरोखर निरुपद्रवी आहे काय, एवढे तरी तपासावे. कॉलेजात १२० जागा असतील आणि त्यांतील ८० मुले येतच नसतील, तर त्या ८० बाकांवर बसू शकली असती अशी मुले दूरच्या कॉलेजात लोकलचे धक्के खात जात असतात. त्यांतली काही आपल्याच धर्मग्रामातली असतात. अल्पसंख्याकांसाठी राखलेल्या जागेवर आपण मुलाचे नाव घालतो आणि बाक रिकामा ठेवतो, तेव्हा ती जागा आपण समाजाकडून घेतो आणि कोणालाच देत नाही. राहिलेल्या ४० मुलांना शिकविणाऱ्या प्राध्यापकाचा उत्साह किती दिवस टिकावा? ज्यांना वर्गाची फी परवडत नाही ती मुले त्याच ओसाड वर्गात उरतात. कॉलेज शिकवीत नाही म्हणून आपण मुले काढून घेतो आणि आपण मुले काढून घेतो म्हणून कॉलेजचे शिकविणे आणखी खालावते. असे होणे अटळ नव्हते. महाराष्ट्रात ज्याचे नाव गाजले तो 'लातूर पॅटर्न' आरंभी उभा राहिला तो महाविद्यालयाच्याच शिक्षकांनी जादा तास आणि सराव परीक्षा घेऊन.

दुसरे म्हणणे असे की, सगळेच असे करतात. याला उत्तर देण्याची गरज नाही, असे आपण धर्मशिक्षणाच्या वर्गात मुलांना सांगतो. परंतु ते इतके सोपे नाही. स्पर्धेत सर्व जण एक पाऊल पुढे सरकले की जागच्या जागी उभा राहणारा आपोआप मागे पडतो. २०२४ साली 'नीट'ला २३ लाखांहून अधिक विद्यार्थी बसले आणि एमबीबीएसच्या जागा देशभर मिळून एक लाखाच्या थोड्याच वर होत्या. रोजचे पाच तास ज्याला अधिक मिळतात त्याचा लाभ खरा आहे. तो नाकारणे हा भाबडेपणा होईल.

म्हणूनच तिसरे म्हणणे मला सर्वांत जड गेले. ते माझ्या धाकट्या मेहुण्याचे. तो म्हणाला, "दाजी, तत्त्व तुमचे आहे. किंमत मात्र पोरीने द्यायची. उद्या पाच गुणांनी तिची जागा गेली, तर तुम्ही तुमच्या खुर्चीवरच असाल. ती कुठे असेल?"

या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. दुसऱ्याच्या खर्चाने सत्यवादी होणे सोपे असते. आई-बापांचे अनेक सद्गुण मुलांच्या खात्यावर खर्ची पडतात, हे मी पाहिलेले आहे. शेवटी मला एवढेच सुचले की, किंमत जिने द्यायची तिला विचारल्याशिवाय हा निर्णय माझा नाही. तिला सोळावे वर्ष लागले होते, दृढीकरणाचा संस्कार झाला होता. ज्या वयात ख्रिस्तसभा तिला स्वतःच्या श्रद्धेची साक्ष द्यायला सांगते, त्या वयात तिचे मत विचारायला मी का कचरावे? मी दोन्ही बाजू तिच्यापुढे मांडल्या. रोज कॉलेज केले तर वर्ग संध्याकाळचा, म्हणजे घरी यायला रात्रीचे नऊ. रविवारी चाचणी, म्हणून मिस्सा सायंकाळची. गुण कदाचित कमी पडतील, हेही सांगितले. तिने एक दिवस घेतला आणि म्हणाली, "मी कॉलेजला जाईन. पण कमी पडले तर तुम्ही मला बोलायचे नाही."

ही अट मी मान्य केली. आगाऊ भरलेली रक्कम परत मिळाली नाही. ते नुकसान माझे, आणि ते माझेच असावे हे योग्य होते. दोन वर्षे तिला रात्री नाक्यावरून आणायला जाणे मी माझ्याकडे घेतले. तत्त्वाची किंमत मुलाने द्यायची असेल, तर निदान अर्धी आपण उचलावी, असे मला वाटले.

कॉलेजने तिला काय दिले? सारेच प्राध्यापक नेमाने शिकवीत होते असे नाही. परंतु रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत एक सर होते. ब्युरेटमधून थेंब थेंब सोडताना द्रावणाचा रंग फिकट गुलाबी होतो, तेथे थांबून आकडा वाचायचा असतो. मुले पुस्तकातले उत्तर पाहून जर्नलमध्ये जुळणारा आकडा लिहीत. सर ते पान खोडून म्हणत, "आला तो आकडा लिही. चुकला असेल तर पुन्हा कर, पण न आलेला लिहू नकोस." ही गोष्ट तिने घरी दोनदा सांगितली. नीटच्या १८० प्रश्नांत या प्रकारचा प्रश्न येत नाही.

आता माझे स्वतःचे सांगावयास हवे, नाहीतर हा लेखच खोटी हजेरी ठरेल. बारावीची परीक्षा संपेपर्यंत हजेरी सांभाळायची होती आणि चाचण्यांतील तिचे गुण घसरत होते. डिसेंबर २०२३ मध्ये माझा धीर सुटला. मुलीची प्रकृती ठीक नाही, तिला तीन आठवडे विश्रांतीची गरज आहे, असे पत्र मी कॉलेजला लिहिले. ती खडखडीत बरी होती. तिने ते पत्र वाचले, घडी घातली आणि काही न बोलता नेऊन दिले. दीड वर्ष जे मी मोठ्या डौलाने टाळले, ते तीन ओळींत केले. मेहुण्याला मी हे आजपर्यंत सांगितलेले नाही. आता तो येथे वाचील.

५ मे २०२४ रोजी परीक्षा झाली. ४ जून रोजी निकाल लागला, आणि ६७ विद्यार्थ्यांना ७२० पैकी ७२० गुण मिळाल्याचे पाहून देश थक्क झाला. वाढीव गुण दिलेल्या १५६३ जणांचे ते गुण काढून घेऊन त्यांना फेरपरीक्षेची संधी द्यावी लागली. पाटणा आणि हजारीबाग येथे प्रश्नपत्रिका फुटल्याचे सर्वोच्च न्यायालयानेही मान्य केले. मात्र संपूर्ण परीक्षा रद्द करण्यास २३ जुलै रोजी नकार दिला. ते सात आठवडे ज्या घरांनी काढले त्यांनाच त्यांची कल्पना येईल. मी दूरदर्शन संचासमोर बसून तावातावाने बोलत असे. चोर, लफंगे, मुलांच्या आयुष्याशी खेळणारे! एका संध्याकाळी मुलगी स्वयंपाकघरातून आली आणि शांतपणे म्हणाली, "पप्पा, त्यांनीपण कोणाच्या तरी पप्पांकडूनच पैसे घेतले असतील ना?"

पेपर फोडणारा आणि हजेरी विकत घेणारा बाप यांना मी एका तागडीत घालीत नाही. एकाने दुसऱ्याची जागा चोरली, दुसऱ्याने केवळ एक नियम चुकविला. दोहोंत फरक आहे आणि तो राखलाच पाहिजे. परंतु त्या वाक्याने मला एक गोष्ट दिसली. कागदावर एक आणि प्रत्यक्षात दुसरे असायला हरकत नाही, ही शिकवण मुलांना पेपर फोडणाऱ्यांच्या टोळीने दिलेली नसते. ती त्यापूर्वीच, घरातल्या माणसांनी, प्रेमापोटी दिलेली असते. आठवी आज्ञा खोट्या साक्षीविषयी आहे. हजेरीपट ही साक्षच असते, एवढेच आपल्या लक्षात येत नाही.

पुढे काय झाले ते सांगतो, कारण वाचकांना ते जाणून घ्यायचे असणार. तिला एमबीबीएसची जागा मिळाली नाही. शासकीय महाविद्यालयासाठी गुण बरेच कमी पडले आणि खासगीची फी आमच्या आवाक्याबाहेर होती. आणखी एक वर्ष देण्यास ती तयार झाली नाही. नीटच्याच गुणांवर तिने फिजिओथेरपीला प्रवेश घेतला आणि ते शिक्षण ती मनापासून घेते आहे. आमच्याच गावठणातला, तिच्याच वयाचा एक मुलगा इंटिग्रेटेड वर्गात गेला होता. त्याला एमबीबीएस मिळाले. तो गुणी आहे, कष्टाळू आहे आणि उत्तम डॉक्टर होईल याची मला खात्री आहे. ख्रिसमसला तो घरी आला होता, तेव्हा आम्ही मनापासून त्याचे कौतुक केले. सत्याने वागणाऱ्याला अखेर अधिक मिळते अशी गोष्ट मला लिहिता आली असती, तर हा लेख वाचायला गोड झाला असता. परंतु तसे घडले नाही. ती तेथे गेली असती, तर तिला ते गुण मिळाले असते काय? ठाऊक नाही. कधी कधी रात्री हा प्रश्न येतो आणि बसून राहतो.

आपल्या भाषेत 'गुण' या एकाच शब्दाला दोन अर्थ आहेत. परीक्षेत मिळतात ते गुण आणि माणसाच्या अंगी असतात तेही गुण. एके काळी कोणाला तरी असे वाटले असावे की पहिल्यांवरून दुसरे ओळखता येतील. आज आपण पहिल्यांसाठी दुसरे खर्च करायला निघालो आहोत, आणि ते दोन्ही एकच आहेत अशी मनाची समजूत घालतो. मुलाला डॉक्टर करण्याची इच्छा चांगली आहे. परंतु उद्या हाच मुलगा रुग्णाच्या कागदावर न केलेली तपासणी केली म्हणून लिहील, तेव्हा त्याला ते पहिल्यांदा कोठे शिकविले गेले, हे आपल्याला आठवेल काय?

यावर उपाय म्हणून मी कोणती मोठी योजना सुचवू शकत नाही. दोन-तीन साध्या गोष्टी मात्र आपल्या हातच्या आहेत. प्रवेश घेताना 'हजेरीचे काय?' हा प्रश्न मुलासमोर विचारावा आणि उत्तरही मुलासमोर ऐकावे. आपल्या कॉलेजांनी जादा तास घ्यावेत, असा आग्रह पालकांनी एकजुटीने धरावा. एकट्याने धरला तर तो हट्ट ठरतो. ज्यांच्या घरी अभ्यासाला कोपरा नाही अशा मुलांसाठी धर्मग्रामाचे सभागृह संध्याकाळी उघडे ठेवता येईल. आणि ज्याने दुसरा मार्ग घेतला त्याला पापी ठरवू नये, कारण त्या मार्गावर तीन आठवडे मीही चालून आलो आहे.

परवा मुलीचे जर्नल टेबलावर उघडे पडले होते. शेजारच्या आजीबाईंचा गुडघा किती अंशांत वाकतो, याचा आकडा तिने सरावासाठी मोजून लिहिला होता आणि खोडला होता. खाली दुसरा, आधीपेक्षा कमी आकडा होता. मी विचारले, "हे काय?" ती म्हणाली, "पहिला चुकून जास्त आला होता. पुन्हा मोजला."

मी जर्नल होते तसेच उघडे ठेवले.